२०० लिटरचं सोलर, पाचवा हिवाळा आणि संडासाच्या नळाचं गरम पाणी

आधी मार्क देऊन टाकतो, ज्याला घाई आहे तो इथूनच सुटला. मशीनला पाचपैकी चार. फिटिंग करून गेले त्यांना दोन. अन् तालुक्याच्या सर्विसला अर्धा, तो पण आलेला पोरगा बोलायला गोड होता म्हणून. कंपनीचं नाव टाकत नाही, कारण तेच मशीन दुसरीकडून घेणाऱ्याला कदाचित चांगला माणूस भेटला असेल, अन् माझ्या घरी जो घोळ झाला त्यात अर्धा हात माझ्याच पोराचा होता, ते पुढे येतेच.

मशीन म्हणजे सोलर वॉटर हीटर, २०० लिटरचं, काचेच्या २० ट्यूबावालं. २०२१ च्या दसऱ्याला घेतलं, स्टँड, पाईप, मजुरी धरून साडेसत्तावीस हजार गेले. आमचं गाव नरखेड अन् वरूडच्या मधात, संत्र्याचा पट्टा. इथली थंडी काय असते ते बाहेरच्याला पटत नाही, त्याला विदर्भ म्हटलं की ४६-४७ चं ऊनच आठवते. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ डिग्री होतं, अन् शेतातलं घर म्हणजे शहरापेक्षा अजून गार. त्या दिवशी सांदवाडीतल्या, म्हणजे घरामागच्या अंगणातल्या, चुलीवर जर्मनचा मोठा गंज (पातेलं) ठेवला होता अन् पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्या, दहिवरानं इतकी ओली की पेटेचना, माय नुसती फुंकून फुंकून रडकुंडीला आली. सोलर घ्यायचं तेव्हाच डोक्यात बसलं, पैसे जुळायला तीन वर्षं लागले ही गोष्ट वेगळी.

चार हिवाळे एक तक्रार नाही. सकाळी सहाला बकेटभर कडक पाणी, घरात सहा माणसं, सगळ्यांचं आंग धुणं होऊन भांड्यालाही उरते. उन्हाळ्यात तर इतकं तापते की नळाला हात लावायची हिंमत होत नाही, तेव्हा चार-पाच ट्यूबांवर पोतं टाकून ठेवतो. पाचव्या वर्षी, म्हणजे याच हिवाळ्यात, दिवाळीनंतर हळूहळू पाणी कमी तापायला लागलं. आधी वाटलं थंडी वाढली म्हणून. मग ढगाळी आली, म्हटलं ढगामुळे. मग चांगलं कडक ऊन पडलं तीन दिवस, तरी सकाळी बकेटीत कोमट पाणी. संध्याकाळी मात्र गरम. म्हणजे दिवसा तापते अन् रात्रीतून कुठंतरी जाते. हे माझ्या ध्यानात यायला पंधरा दिवस लागले, कारण संध्याकाळी आंग धुते कोण.

तालुक्याला फोन केला. नवव्या दिवशी पोरगा आला. साडेचारशे व्हिजिट चार्ज आधी घेतला, मग स्लॅबवर चढला. पाच वर्षांची वॉरंटी आहे म्हटलं, तर म्हणे काकाजी ती टाकीवर आहे, येण्याजाण्यावर नाही. चला ठीक. दोन-तीन ट्यूबांना वरून हात लावला अन् सांगतलं, ट्यूबा गेल्या, व्हॅक्यूम संपलं, पुऱ्या २० बदलाव्या लागतील. मी म्हटलं एका टायमाले वीसच्या वीस कशा काय जातील बाबा? तर म्हणे थंडीत असंच होते, नाहीतर मग आतमध्ये इलेक्ट्रिकचा रॉड टाका, दोन किलोवॅटचा, अठ्ठावीसशे रुपये, बटन दाबलं की झालं.

मी रॉड घेतला. चुकी माझी. सकाळी चार वाजता उठून डोकं कुठं चालते.

आता ट्यूबाचं सांगतो, हे त्या पोरानं सांगायला पाहिजे होतं. ट्यूब म्हणजे काचेत काच, मधल्या फटीतली हवा काढून घेतलेली, थर्मासवाणी. खालच्या टोकाला आतून चांदीसारखा चकचकीत लेप असतो. आत हवा शिरली की ती चांदी पांढरी पडते, दूध सांडल्यावाणी. बस, ट्यूब गेली की नाही ते ओळखायला दुसरं काहीच लागत नाही, वाकून टोक पाहायचं. मी नंतर पाह्यलं, २० पैकी १९ ची चांदी आरशासारखी. एक पांढरी होती, ती बहुतेक वानरानं उडी मारली तेव्हाची. संत्र्याचा सीझन असला की वानरं स्लॅबवरूनच ये-जा करतात, आमच्याकडे ट्यूबांचा खरा दुष्मन थंडी नाही, वानर आहे. एका ट्यूबने साधारण विसावा हिस्सा कमी होईल, पाणी कोमट होणार नाही.

रॉडचं रामायण वेगळंच. दोन किलोवॅट हे २३० व्होल्टला. आमच्याकडे जानेवारीत गहू-हरभऱ्याचं ओलित चालू, सगळ्या मोटरी एकदम, फ्रीजच्या स्टॅबिलायझरवर पहाटे आकडा पाह्यला तर १६५. आता व्होल्टेज कमी झालं की रॉडची ताकद तेवढीच कमी होत नाही, दुप्पट हिशोबानं पडते. १६५ वर तो दोनचा रॉड साधारण एक किलोवॅटचाच राहते, म्हणजे अर्धा. अन् पाण्याचा हिशोब असा की एका युनिटमधी ८६० लिटर पाणी एक डिग्रीनं तापते. २०० लिटर ३१ वरून ४५ वर न्यायचं तर सव्वातीन युनिट, अन् एक किलोवॅटनं सव्वातीन तास. चारला चालू केला तर सव्वासातला पाणी तयार, तेव्हा पोरगी शाळेच्या गाडीत बसून गेलेली असते. वरून ते पाणी तापता तापता निसटूनही चाललं होतं हे तेव्हा माहीत नव्हतं. अजून एक, असा रॉड टाकला तर अर्थिंग अन् करंटची गळती पकडणारा ब्रेकर असल्याशिवाय वापरू नका, अन् बाथरूममध्ये जायच्या आधी बटन बंद. आमच्याकडे अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकायची आठवण फक्त उन्हाळ्यात होते.

मग मी चिडून स्वतःच पाहायचं ठरवलं. पोराचा स्वयंपाकाचा डिजिटल थर्मामीटर पडून होता, काडीवाला, केकमध्ये खुपसायचा, केक एकदाच झाला होता. संध्याकाळी साडेपाचला बाथरूमचा गरम नळ सोडला, पहिलं पाणी पाईपातलं असते म्हणून अर्धी बकेट जाऊ दिली (आमचा पाईप टाकीपासून बाथरूमपर्यंत ४५ फूट, पाऊण इंची, त्यात चार-साडेचार लिटर थंडगार पाणी उभंच राहते), मग काडी धरली. ५७. घरच्यांना सांगतलं आता कोणी गरम पाण्याला हात लावायचा नाही. सकाळी सहाला परत तसंच. ३३.

५७ चं ३३ म्हणजे २४ डिग्री, २०० लिटरचे साडेपाच युनिट एका रात्रीत गायब. टाकीला दोन इंच फोम आहे, एवढं जाऊच शकत नाही, गेलं तर पाच-सहा डिग्री जाईल. दुसऱ्या दिवशी ऊन तसंच होतं, संध्याकाळी ५६. रात्री स्लॅबवर चढून सोलरमधून घरात उतरणाऱ्या गरम लाईनीचा गेट व्हॉल बंद केला. सकाळी उघडला, अर्धी बकेट सोडली, काडी धरली. ५१.

मला विचारलं तर या मशीनबद्दल जे काही शिकण्यासारखं आहे ते या दोन रात्रींत आलं. व्हॉल बंद तर पाणी गरम राहते, म्हणजे टाकी चांगली, ट्यूबा चांगल्या, फोम चांगला. व्हॉल उघडा तर पाणी जाते, म्हणजे चोर घरात आहे. अठ्ठावीसशे रुपये देण्याच्या आधी हा व्हॉल फुकटात फिरवता आला असता.

गावातला जो बोअरच्या मोटरी काढतो अन् संत्र्याचं ड्रिप बसवतो तो मिस्त्री बोलावला. सोलरचं त्यानं काही शिक्षण घेतलेलं नाही, पण पाणी कसं चालते ते त्याला हाताला समजते. आला, विडी विझवली, माझे आकडे ऐकले अन् सोलरकडे न जाता सरळ थंड पाण्याच्या काळ्या टाकीचं झाकण उघडून कोपरापर्यंत हात घातला. "काकाजी, तुमचं सोलर बराबर आहे. पानी पयते. पाहा, या टाकीत आलं."

मी पण हात घातला. बाहेर नऊ डिग्री असंल, कानाला वारा झोंबून राहिला होता अन् टाकीतलं पाणी कोमट. खरं सांगतो, हे कोमट पाणी मी आधीही पाह्यलं होतं. पण आमच्याकडे बोअर नऊशे फुटाच्या खाली, पाणी एवढ्या खोलून येते की थंडीत वाफ निघते त्यातून, मी समजलो बोअरचंच आहे. मिस्त्री म्हणे बोअर कधी लावता? म्हटलं सकाळी अकराला. तर म्हणे अकराला भरलेली टाकी रातभर उघड्यावर थंडीत उभी अन् पहाटे कोमट, कशी काय?

मग खाली आला अन् विचारलं, घरात मिक्सर नळ कुठं आहे. बाथरूममध्ये. दिवाळीत पोरगा पुण्यावरून आला तेव्हा त्यानं ऑनलाईन हँड शॉवर मागवून मिक्सरच्या पुढं जोडला होता, पिस्तुलावाणी, खटका दाबला की पाणी. मस्त आहे, काही वाद नाही. पण त्याच्यामुळे झालं काय, की मिक्सरच्या गरम अन् थंड दोन्ही चकत्या आपल्या अंदाजानं उघड्या ठेवायच्या अन् पाणी पिस्तुलाच्या खटक्यानं बंद करायचं ही सगळ्यांना सवय लागली. पाणी बंद दिसते, पण आत गरम अन् थंड लाईन एकमेकीला चोवीस तास उघड्या.

आता गरम पाणी हलकं अन् थंड जड. थंड लाईनीतलं जड पाणी खाली दाबते, मिक्सरमधून गरम लाईनीत शिरते, तिथून वर चढते अन् सोलरच्या टाकीतलं गरम पाणी मागच्या वाटेनं, म्हणजे जिथून तिला थंड पाणी मिळते त्याच पाईपातून, काळ्या टाकीत ढकलते. मोटर नाही, काही नाही, रातभर आपोआप फिरत राहते. सोलर दिवसा ज्या तत्त्वावर चालते तेच रात्री त्याच्या उलटं पडते.

पण त्या मागच्या वाटेवर एक एनआरव्ही असतो, एकाच बाजूनं पाणी सोडणारा पितळी व्हॉल, नेमका याच्यासाठीच. मिस्त्रीनं तो काढला. आतली झडप उघडीच्या उघडी. बोटानं ढकलली तर हलेना. सगळीकडे पांढरा चुना, बताशासारखा, नखानं खरवडला तर भुकटी. आमचं बोअरचं पाणी एवढं खारं की चहाच्या गंजाला दर आठवड्याला कड धरते, पाच वर्षांत त्या झडपेचं काय होणार. ज्यांनी बसवलं त्यांनी एका शब्दानं सांगतलं नाही की हा व्हॉल आहे अन् याला साफ करावं लागते. एवढंच नाही, तो एनआरव्ही त्यांनी भिंतीला चिपकवून असा बसवला होता की काढायला अर्धा फूट पाईप कापावा लागला. म्हणून त्यांचे मार्क दोन.

म्हणजे झडप चुन्यानं कधीचीच अडकली असंल, वर्ष झालं असंल, पण तोपर्यंत खाली वाट बंद होती म्हणून कळलं नाही. दिवाळीत वाट उघडली. दोन्ही जमून आलं तेव्हा पाणी गेलं.

अन् आता मायची गोष्ट. डिसेंबरात ती दोनदा बोलली होती. "अरे, संडासातल्या नयाले गरम पानी येऊन राह्यलं." आम्ही काय केलं, हसलो. बायको म्हणे आईंना पहाटे थंडीत हात बधिर होतात, त्यांना कोणतंही पाणी गरमच वाटते. मीही मान हलवली. मिक्सर उघडा असला की संडासाचा नळ सोडल्याबरोबर दोन्ही लाईनींचं पाणी तिकडे धावते, गरम पण. म्हातारी पहाटे सर्वात आधी उठते, तिला बरोबर लागत होतं. घरात ८१ वर्षांचा थर्मामीटर होता अन् मी केकवाला काढून बसलो. तुमच्याकडे संडासात किंवा बेसिनच्या थंड नळाला कधी गरम पाणी आलं तर हसू नका, आधी सगळे मिक्सर पुरे बंद करून एक रात्र पाहा.

काम काय काय केलं ते सांगतो. एनआरव्ही नवा टाकला, तीनशे ऐंशीचा, दोन्हीकडून युनियन (खोलता येणारा जोड) देऊन, म्हणजे आता पान्यानं दहा मिनिटांत निघते. जुना फेकला नाही, लिंबूसत्वाच्या गरम पाण्यात रातभर ठेवला, सकाळी झडप टकटक वाजायला लागली, तो स्पेअरमध्ये ठेवला. हँड शॉवर काढला नाही, पोराला वाईट वाटंल, पण मिक्सरवर खडूनं लिहिलं "दोन्ही बंद". खडू दोन दिवसांत पुसला, आता ऑइल पेंटनं लिहिलं, बायको अजून बोलत नाही.

मिस्त्री आलाच होता तर ट्यूबा पण साफ केल्या. हे उजेडायच्या आधी करायचं, उन्हात अजिबात नाही. ऊन लागलेल्या रिकाम्या ट्यूबात थंड पाणी पडलं की काच तडकते, अन् तडकण्याचा आवाज असा येते की शेजारचे बाहेर येतात. टाकी पुरी रिकामी केली, पाणी लिंबाच्या झाडांना सोडलं, रबरी रिंगांना साबणाचं पाणी लावून ट्यूबा फिरवत फिरवत काढल्या. पहिली उलटी केली तर बुडातून वीतभर चुन्याची पांढरी लापशी पडली, मग सगळ्यांची तशीच. ही जागा ऊन खाते पण पाण्याला देत नाही. पाणी खारं असंल तर दरवर्षी दिवाळीच्या आधी हे करा, आम्ही पाच वर्षांत एकदा केलं. एकोणीस ट्यूबा परत चढल्या, एक नवी आणली.

स्लॅबवर होतो तेव्हा एक अजून दिसलं. थंडीत सूर्य दक्षिणेकडून खालून जातो, डिसेंबरच्या शेवटी आमच्याकडे भर दुपारी पण तो जेमतेम ४५ डिग्रीवर असते, म्हणजे दहा फूट उंच वस्तूची सावली दहा फूट लांब पडते, अन् सकाळ-संध्याकाळ त्याहून लांब. सोलर बसवलं दसऱ्याच्या टायमाला, तेव्हा सूर्य वर होता, सगळं उघडं दिसलं. आता दोन वाजल्यापासून लिंबाच्या, म्हणजे कडूलिंबाच्या, एका फांदीची सावली सहा ट्यूबांवर येते. फांदी शेजाऱ्याची आहे. बोललो, म्हणे संक्रांत होऊन जाऊ द्या. पाहू.

हवेच्या पाईपचं पण मिस्त्रीनं पाह्यलं, सोलरच्या टाकीवरून जो उघडा पाईप वर जाते तो. तो काळ्या टाकीच्या पाण्याच्या लेव्हलपेक्षा वर पाहिजे अन् त्याचं तोंड मोकळं पाहिजे. आमचा ठीक होता, पण तो म्हणे अर्ध्या घरी त्यात गांधीलमाशीचं मातीचं घर असते, मग हवा अडकते अन् नळाला पाणी पचपच करत येते. तुमच्याकडे गरम नळ खोकतो का? तर आधी तिकडे पाहा.

पाईप गोठायचं भेव मात्र आपल्याकडे नाही, कितीही कुडकुडलो तरी. भाचा फौजेत आहे, लेहला होता, तो सांगे तिकडं पाईपातच बर्फ होते. तशा ठिकाणी ट्यूबात किंवा पॅनलमध्ये नुसतं पाणी चालत नाही, न गोठणारं द्रव वेगळं फिरवतात अन् ते बाहेरून पाण्याला तापवते. इथं कोणी डीलर तुम्हाला अँटीफ्रीझवालं महागडं मॉडेल दाखवत असंल तर त्याला हात जोडा.

मिस्त्रीनं पूर्ण दिवसाचे सातशे घेतले अन् जाताना दोन डझन संत्री, ती पण आग्रह केला म्हणून. सर्विसवाल्या पोराला मी नंतर फोन लावला, भांडायला नाही, सांगायला की बाबा असं असं निघालं, पुढच्या घरी आधी व्हॉल बंद करून पाहत जा. तो म्हणे हो का काकाजी, बरं झालं सांगतलं, अन् रॉड परत घ्यायचा विषय काढला तर रेंज गेली.

परवाचा आकडा, संध्याकाळी ५८, सकाळी ५२, बाहेर आठ. पहिली अर्धी बकेट अजून थंडच येते, पाईपाला फोमची नळी घालायची बाकी आहे, तोपर्यंत ते थंड पाणी भांडं घासायला वापरतो. रॉडचा प्लग काढून ठेवला.

एकटी माय खूश नाही. म्हणे, "संडासातलं पानी थंडं येते आता. मिस्त्रीले सांग, होतं तसं करून दे म्हना."